‘पैसे संपले म्हणून’ हे ‘इव्हँजेलियन’च्या शेवटाचे स्पष्टीकरण नव्हे

जपानी मेका मालिकांचा, म्हणजे महाकाय यंत्रमानवांच्या ॲनिमेशन मालिकांचा, विषय निघाला की ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’चे नाव येते, आणि त्यामागोमाग एक ठरलेले विधान येते. चोविसाव्या भागापर्यंत मालिका निर्दोष आहे. पुढे गायनॅक्स या स्टुडिओकडचे पैसे संपले, म्हणून शेवटचे दोन भाग जुन्या चित्रांची ठिगळे जोडून कसेबसे उरकले गेले. प्रेक्षक भडकले, तेव्हा दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी चित्रपट काढून ‘खरा’ शेवट दाखवला. सबब नव्या प्रेक्षकाने पंचविसावा आणि सव्विसावा भाग सरळ सोडून द्यावा. हा सल्ला मला मनापासून खटकतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा किंवा अर्धवट आहे, आणि त्याच्या आडोशाला मालिकेचे खरे दोषही झाकले जातात.

आधी पैशांचे पाहू. जपानी टीव्ही मालिकेचा खर्च सहसा दर भागामागे आधीच बांधलेला असतो. चोविसाव्या भागाला तिजोरी उघडावी आणि ती रिकामी निघावी, असे तिथे होत नाही. जी गोष्ट खरोखर आटते ती वेळ. ही मालिका 4 ऑक्टोबर 1995 ते 27 मार्च 1996 या काळात टीव्ही टोकियोवर दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला लागत होती, आणि या सव्वीस आठवड्यांत एकाही आठवड्याची उसंत नव्हती. त्या काळच्या पद्धतीत संहितेनंतर स्टोरीबोर्ड, मग मुख्य चित्रे, मग त्यांच्या मधली चित्रे, मग पारदर्शक सेलवर रंगकाम आणि शेवटी कॅमेरा, अशी साखळी असे, आणि संहिताच उशिरा हाती आली तर पुढचे चित्रकार कितीही वाढवले तरी त्यांना काढायला काही नसते. याची साक्ष खुद्द मालिकाच देते. सव्विसाव्या भागाच्या सुरुवातीला पडद्यावर निवेदन उमटते: माणसांच्या मनांचे पूरण (सगळ्यांची मने एकमेकांत मिसळून त्यांतली उणीव भरून काढण्याची कथेतली प्रक्रिया) चालूच आहे, परंतु ते सगळे लिहायला वेळ फारच अपुरा आहे, म्हणून शिंजी इकारी नावाच्या एका मुलापुरतेच इथे सांगतो. आपली अडचण इतक्या उघडपणे कथेतच नोंदवणारी मालिका माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि तिने नोंदवलेली अडचण वेळेची आहे.

दुसरा आक्षेप स्थिर चित्रांचा. चित्र हलत नाही म्हणजे हात आखडता घेतला, असे गृहीत धरले जाते. काटकसर खरी आहे; पण ती शेवटी उपटलेली नाही, पहिल्या भागापासून आहे, आणि जपानी टीव्ही ॲनिमेशनमध्ये तर 1963 सालच्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून आहे. एका सेकंदाच्या चोवीस चौकटींत एकच चित्र तीन-तीन चौकटी टिकवायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागते. हे तिथे सर्वांनाच करावे लागते. ‘इव्हँजेलियन’चे सामर्थ्य असे की या सक्तीतून तिने अर्थ काढला. नायक शिंजीचा बाप गेंदो इकारी टेबलावर कोपरे टेकवून, हातमोजे घातलेले हात तोंडासमोर गुंफून बसतो. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे ते हलवायचे कष्ट वाचतात; पण त्याच बैठकीतून आपल्या मनातले कोणालाही कळू न देणारा बाप उभा राहतो. सीले या गुप्त मंडळाच्या सभेत पुढे तर माणसेच दिसत नाहीत, क्रमांक घातलेल्या काळ्या शिळा तेवढ्या दिसतात आणि त्यांतून आवाज येतो. याहून स्वस्त दृश्य शोधून सापडायचे नाही, आणि माणसांचे भवितव्य ठरवणाऱ्यांना चेहराच नसावा यासारखे नेमके दृश्यही विरळाच.

बाविसाव्या भागातली लिफ्ट मी कितीदा तरी पाहिली आहे. असुका आणि रेई, शिंजीसारख्याच एव्हा हे महाकाय यंत्रमानव चालवणाऱ्या दोन मुली, त्या अरुंद खोक्यात उभ्या आहेत, कोणी काही बोलत नाही, यंत्राची एकसुरी खडखड तेवढी ऐकू येते. हे जवळपास मिनिटभर चालते. दहाव्या सेकंदाला आपण काहीतरी घडण्याची वाट पाहू लागतो, तिसाव्याला अस्वस्थ होतो, आणि त्यानंतर रेई जेव्हा तोंड उघडते तेव्हा असुकाचा संताप आपल्यालाही आतून कळतो. या मिनिटात हालचाल भरली असती तर तो ताण फुटून गेला असता. आणि जिथे हालचाल हवी तिथे मालिका ती भरभरून देते: नवव्या भागात दोन एव्हांची शत्रूशी संगीताच्या तालावर चाललेली बासष्ट सेकंदांची लढाई किंवा एकोणिसाव्या भागात वीज संपून निपचित पडलेले एव्हा पुन्हा उठते तो प्रसंग पाहावा.

तिसरे म्हणणे असे, की शेवटचे दोन भाग आधीच्या कथेशी फटकून आहेत. ज्याने सोळावा भाग लक्ष देऊन पाहिला आहे त्याला हे पटणे कठीण आहे. जानेवारी 1996 मध्ये प्रक्षेपित झालेल्या त्या भागात शिंजी एका एंजलच्या (एव्हा ज्यांच्याशी लढतात त्या गूढ जीवांपैकी एकाच्या) पोटात अडकतो, आणि सायंप्रकाशातल्या रेल्वेच्या डब्यात त्याच्यासमोर दुसरा शिंजी बसून त्याला प्रश्न विचारू लागतो. विसाव्या भागात हेच पुन्हा, अधिक लांबवर घडते. शेवटच्या दोन भागांची भाषा प्रेक्षकाला दोन महिने आधीपासून शिकवली गेली होती.

सव्विसाव्या भागातला एक तुकडा इथे नीट सांगायला हवा, कारण तो भाग वगळणाऱ्याला नेमका हाच मुकतो. शिंजी कोऱ्या पांढऱ्या पोकळीत तरंगतो आहे. त्याला सांगितले जाते की हे संपूर्ण स्वातंत्र्य आहे, इथे तुला कसलेच बंधन नाही. मग त्याच्याखाली एक आडवी रेघ ओढली जाते. आता वर आणि खाली आले, एक स्वातंत्र्य गेले, पण पाय टेकायला जमीन मिळाली आणि तो चालू शकतो. एका रेघेत एवढे मांडले आहे, आणि ते रेघेतच मांडता येते. मागे तपशीलवार शहर रंगवले असते तर हा विचार दिसलाच नसता. रिकाम्या रंगमंचावरचे चांगले नाटक पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. त्याच भागात पुढे तोंडात टोस्ट धरून धावत येणारी रेई शिंजीवर आदळते, असा शाळेतला हलकाफुलका, नेहमीच्या पद्धतीने चितारलेला प्रसंगही आहे. तसे चित्रण करण्याची ऐपत उरलीच नव्हती, हे म्हणणे तिथेच गळून पडते.

चित्रपटाने मालिकेचा शेवट रद्द केला, हे चौथे विधान थोडक्यात निकालात निघते. ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ 19 जुलै 1997 रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याच्या दोन खंडांना पंचवीस आणि सव्वीस हेच क्रमांक आहेत. पण मालिकेच्या पंचविसाव्या भागातच रक्ताच्या थारोळ्यात पडलेली शिंजीची वरिष्ठ अधिकारी मिसातो आणि द्रवात निष्प्राण तरंगणारी शास्त्रज्ञ रित्सुको क्षणभर दिसून जातात, आणि चित्रपटात त्या दोघींचा शेवट तसाच होतो. म्हणजे बाहेर काय घडते याची कल्पना टीव्हीच्या वेळीच होती. टीव्हीने आतली बाजू दाखवली, चित्रपटाने बाहेरची. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

राहिला ‘चोविसाव्या भागापर्यंत निर्दोष’ हा शेरा, आणि मला तो सर्वांत हानिकारक वाटतो. पंचविसावा भाग सदोष आहे हे मी मान्य करतो: ‘तू एव्हा का चालवतोस’ हा प्रश्न तिथे इतक्या वेळा विचारला जातो की त्याची धार बोथट होते, आणि असुकाच्या वाट्याला बाविसाव्या भागात जे येऊन गेले तेच पुन्हा येते. पण दोषांची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली आहे. क्रूस, ॲडम, लिलिथ या ख्रिस्ती आणि ज्यू परंपरेतल्या चिन्हांची मालिकेत रेलचेल आहे. ती मुख्यतः वेगळी, परकी वाटतात म्हणून घेतली, असे साहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे सांगितले, आणि कथेच्या उत्तरार्धात त्यांच्यावर अर्थाचा जो भार टाकला जातो तो त्यांना पेलत नाही. शिंजीचा वर्गमित्र तोजी याचा अपघात अठराव्या भागात आपल्याला हादरवतो, आणि नंतर तोजी कथेतून जवळजवळ नाहीसाच होतो. यातले काहीही पैशांनी सुधारले नसते.

शिंजीशी मैत्री करणारा आणि शेवटी एंजल निघणारा मुलगा काओरू, त्याचेही तसेच आहे. ज्या चोविसाव्या भागाला लोक शिखर मानतात, त्यात शिंजीच्या एव्हाच्या मुठीत धरलेला काओरू आणि निश्चल उभे एव्हा, असे एकच चित्र बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या समूहगानावर सुमारे मिनिटभर थांबते, आणि मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो. ते मिनिट असामान्य आहे. परंतु ज्या मैत्रीसाठी आपण त्या मिनिटात श्वास रोखून धरतो ती त्याच भागात सुरू झालेली असते, तिला वीस मिनिटेसुद्धा झालेली नसतात. काओरू दोन-तीन भाग आधी आला असता, तर त्याला मारण्याचा शिंजीचा निर्णय आपल्यालाही शिंजीइतकाच जड गेला असता.