खुर्ची मिळाली ना सर? मग विभागात कशाला येता?

अभिनंदन सर! (मॅडम असाल तर अभिनंदन मॅडम.) सरकारी मेडिकल कॉलेजच्या रेडिएशन ऑन्कॉलॉजी विभागाचं प्रमुखपद तुम्हाला मिळालं. पेढे पोचले, चांगले होते. आता हे पद निवृत्तीपर्यंत सुखात कसं सांभाळायचं, याचं थोडं मार्गदर्शन करतो. माझी पात्रता विचाराल, तर मी फिजिसिस्ट. म्हणजे मशीनमधून बाहेर पडणारा डोस बरोबर आहे की नाही, ते रोज सकाळी मोजणारा आणि पाहुण्यांना 'हे डॉक्टर नाहीत हं' अशी ओळख करून दिला जाणारा माणूस. गेल्या महिन्यात लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, बंद पडला तेव्हा वेटिंग हॉलमधल्या लोकांसमोर मलाच उभं केलं होतं. तेव्हापासून हे मार्गदर्शन आत साठलंय.

पहिलं काम, खोली निवडणं. लिनॅकचा बंकर तळघरात असतो, त्याच्या काही भिंती दोन मीटरपेक्षा जाड काँक्रीटच्या असतात. रेडिएशन अडवायला एवढं लागतं. रुग्ण अडवायला दुसरा मजला आणि बाहेर स्टुलावर बसलेले एक मामा पुरतात.

हजेरी चेहरा दाखवून लागते. चेहरा दाखवा.

अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज एप्रनला लावून एक फोटो काढून घ्या आणि मग तीन महिने तो ड्रॉवरमध्ये ठेवा. रिपोर्टात डोस शून्य येईल. बंकरच्या दिशेला तुमचं जाणं पाहता, छातीवर लावून फिरला असतात तरी तेवढाच आला असता.

कोबाल्टचं जुनं मशीन असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० ५.२७ वर्षांत निम्मा होतो, त्यासाठी कुणाचीही मंजुरी लागत नाही. जो शेक, म्हणजे एका वेळचा रेडिएशनचा डोस, पूर्वी दोन मिनिटांत व्हायचा, त्याला आता चार मिनिटं लागतात. दिवसाला होणारे रुग्ण घटतात, वेटिंग वाढतं. हे वाढलेलं वेटिंग वार्षिक अहवालात 'विभागावरील जनतेचा वाढता विश्वास' या मथळ्याखाली छापा. नवीन सोर्सची, म्हणजे ताज्या कोबाल्टची, फाइल मात्र अशा बेताने चालवा की तो तुमच्यानंतरच्या माणसाच्या काळात यावा. निस्तरेल तो.

नवीन लिनॅक मंजूर झालाच, तर फीत आधी कापा. एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना मिळाल्याशिवाय त्यावर एकही रुग्ण घेता येत नाही, पण फीत कापायला परवाना लागत नाही. कोनशिलेवर तुमचं नाव बारीक टाइपात, शेवटच्या ओळीत येईल. फोटोत मात्र मागच्या रांगेत राहू नका.

संशोधन हवंच, अकॅडमिक विभाग आहे म्हटल्यावर. टाटा मेमोरियलच्या लोकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, त्याही ३बी टप्प्यातल्या ८५० बायकांवर अभ्यास केला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेकांबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्याने जास्त बायका वाचतात, हे २०१८ मध्ये जगाला दाखवलं. एवढा उपद्व्याप तुम्हाला कुणी सांगितलाय? रेसिडेंटचा थीसिस असतोच. तीसेक रुग्ण, त्यातले अर्धे पुन्हा फिरकत नाहीत. पहिलं नाव तुमचं घाला. रेसिडेंट रात्री अकरापर्यंत काँटूरिंग करत, म्हणजे सिटीवर गाठीच्या कडा आखत, बसलेला असतो, त्याला वाचायलाही वेळ नाही.

इन्स्पेक्शनच्या आठवड्यात काय करायचं ते तुम्हाला माहीत आहेच. पाट्या माळ्यावर आहेत.

योजनेचं प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, अडकलं, रेशनकार्डावर आडनाव वेगळं निघालं, की सोशल वर्करकडे पाठवा. सोशल वर्करचं पद भरलेलं नसेल तरी तिकडेच पाठवा.

आता मुख्य विद्या, म्हणजे देखभालीचा करार. ही नीट जमली की बाकी सगळं आपोआप जमतं. करार ३१ मार्चला संपतो. दरवर्षी त्याच तारखेला संपतो, त्यामुळे दरवर्षी आपल्याला आश्चर्य वाटलं पाहिजे. जानेवारीत आठवण करून देणाऱ्या फिजिसिस्टला 'बघू' म्हणा. मग मशीन थंड ठेवणारा चिलर बसतो, किंवा यूपीएसच्या बॅटऱ्या जातात, किंवा किरणांना आकार देणाऱ्या कोलिमेटरची एखादी मोटर अडकते, आणि कंपनीचा इंजिनिअर फोनवर अगदी नम्रपणे सांगतो की करार नाही, पीओ (खरेदीचा आदेश) पाठवा. मग फाइल निघते. भांडार, लेखा, अधिष्ठाता, मुंबई. तिकडून ती परत येते आणि वर शेरा असतो: 'यंत्र सद्यःस्थितीत बंद असल्याने देखभाल कराराची आवश्यकता काय, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्रायासह पुनश्च सादर करावे.' थट्टा नाही, हा शेरा मी डोळ्यांनी वाचलाय. त्याखाली तुम्ही हिरव्या पेनाने 'फिजिसिस्ट, पाहावे' लिहायचं आणि परिषदेला निघायचं. तुमचं सत्र वीस मिनिटांचं, तेही अध्यक्षस्थानी बसण्याचं, पण परिषद चार दिवसांची आहे आणि हॉटेल समुद्राकाठी. अभिप्राय त्याच संध्याकाळी तुमच्या टेबलावर येऊन पडतो. पडून राहतो. तुमची सही नसेल तर जावक क्रमांक मिळत नाही.

आणि खाली काय चाललेलं असतं? घशाचे तेवीस शेक झालेले एक आजोबा असतात. नाकात नळी, आवाज गेलेला, मानेची कातडी काळी पडून सोलवटलेली. ते नातवाच्या वहीत लिहून पुढे करतात, 'उद्या?' रोज तीच वही, तेच पान. पहाटेची एसटी धरून आलेल्या बाया विचारतात, साहेब, परत जायचं का थांबायचं? थांबायचं तर कुठे थांबायचं? धर्मशाळेचे दिवस भरलेत. तुमच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहिलेले असतात, 'टाटाला जा'. अर्ध्या शेकांवर आलेला माणूस असा उचलून दुसरीकडे नेता येत नाही हो. तिथे नव्याने मास्क, नव्याने सिटी, नव्याने प्लॅन, आणि मुळात नंबर. परळच्या फुटपाथवर आधीच माणसं चटया टाकून झोपलेली आहेत, त्यांच्यात आपली आणखी पाठवायची?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सगळी ट्रीटमेंट, बाहेरचे शेक आणि ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) धरून, ५६ दिवसांत संपवायची असते. पुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. तोंडाघशाचं गणितही असंच, थोडं वाईटच. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी आणखी जोमाने वाढायला लागतात, त्या तुमच्या शेऱ्यासाठी थांबत नाहीत. हे मी तुम्हाला सांगतोय? एमडीच्या परीक्षेत हाच प्रश्न तुम्ही मुलांना विचारता! खंड पडला तर काय कराल, सांगा. आणि उत्तर नाही आलं की त्याला नापास करता!

बास. मार्गदर्शन वगैरे पुरे झालं.

सर, चिलर बंद पडला यात तुमचा दोष नाही. मशीन आहे, बंद पडणारच. मुंबईच्या शेऱ्यातही तुमचा दोष नाही. पण करार संपतोय हे तुम्हाला तीन महिने आधी माहीत होतं. फाइल अडली तेव्हा अधिष्ठात्यांच्या दारात जाऊन उभं राहण्याइतकं वजन या विभागात फक्त तुमचं आहे, माझं नाही. मी कंत्राटी माणूस आहे, मला शिपाईसुद्धा 'नंतर या' म्हणतो. कुणाचे किती दिवस बुडाले याची एक यादीसुद्धा तुम्ही मागितली नाहीत. एकदाही खाली येऊन त्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभं राहिला नाहीत. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटायला मशीन लागत नाही.

यादी मीच केली आहे. आता लिनॅक चालू झालाय, पण बुडालेले दिवस भरून काढायचे तर काहींना शनिवारी बोलवावं लागेल, काहींना एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन शेक द्यावे लागतील. घशाचे रुग्ण आधी, स्तनाचे नंतर. टेक्निशियन शनिवारी यायला तयार आहेत, त्यांना मी विचारलंय. शनिवारी विभाग उघडा ठेवायच्या आदेशावर विभागप्रमुखाची सही लागते. कागद तुमच्या टेबलावर आहे, परिषदेच्या बॅगेखाली. चारच्या आत करा, नंतर जावकवाला जातो.