‘धोका नगण्य’ असा अहवाल कसा मिळवावा

साकीनाक्याला नाहीतर गोरेगावला तुमचा पाऊच छापायचा गाळा आहे. खाली ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरने छापणारं) मशीन, पोटमाळ्यावर ऑफिस, दाराशी शाई पातळ करायच्या टोल्युइनचे ड्रम. सगळं सुरळीत चाललेलं असताना एखादं मोठं गिऱ्हाईक विचारतं, शाईतल्या रसायनांचं आरोग्य आणि पर्यावरण जोखीम-मूल्यमापन केलंय का? घाबरू नका. जोखीम कमी करायची तर डक्ट, ब्लोअर, झाकणाच्या टाक्या असा खर्च निघतो. अहवालातली जोखीम कमी करायला फक्त चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्या इथे दिल्या आहेत.

सुरुवात कागदापासून. शाईबरोबर सोळा भागांचं सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्यातला तिसरा भाग घटकांचा. तिथे ‘व्यापारी गुपित’ असं लिहिलं असेल तर पुढे विचारू नका. लोकांची गुपितं काढणं बरं नव्हे. अकरावा भाग विषारीपणाचा, बारावा पर्यावरणाचा. तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ दिसलं की आपल्या तक्त्यात ‘दुष्परिणाम नाहीत’ असं उतरवून घ्या. परीक्षेलाच न बसलेला मुलगा नापास होत नाही, तसंच हे. आणि पत्रक फक्त शाईचं मागा. मशीनवर शाई तशीच्या तशी जात नाही, ट्रेमध्ये ती थिनर घालून पातळ करतात, हे खरं. पण थिनर सुट्टं घेतलं की त्याला पत्रकच नसतं आणि मूल्यमापनात त्याची जागा आपोआप रिकामी राहते.

कुणी जास्तच अभ्यास करून आलं असेल तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची यादी काढा आणि सांगा की आमचं रसायन त्यात नाही, किंवा ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात आहे. हे वाक्य जपानमधल्या ओसाकाच्या एका छापखान्यालाही बिनधास्त वापरता आलं असतं. तिथे ऑफसेट मशीनचं रबरी ब्लँकेट पुसायला 1,2-डायक्लोरोप्रोपेन वापरत. खोली कोंदट, वापर भरपूर. 1999 साली हे रसायन तिसऱ्या गटात होतं. नंतर त्या एकाच ठिकाणच्या कामगारांमध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण एकामागून एक सापडले, तेही असा आजार सहसा ज्या वयात होत नाही त्या तरुण वयात. 2014 मध्ये त्याच संस्थेने ते रसायन थेट पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. तिसऱ्यातून पहिल्यात, मधली पायरी न घेता. अहवालात ही हकीकत घेऊ नये. वाचणाऱ्याला उगाच कळतं की ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘अजून कुणी नीट पाहिलेलं नाही’ असाही असू शकतो.

आता हवेत किती रसायन चालेल त्याची मर्यादा निवडा. टोल्युइनसाठी बाजारात हव्या त्या मापाच्या मर्यादा मिळतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीला 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आणि पंधरा मिनिटांच्या झोताला 150 होतं. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला 20 पीपीएमचा. पण त्याच अमेरिकेच्या सरकारी नियमात जुना 200 अजून शिल्लक आहे! तोच घ्या. ‘अमेरिकन मानकानुसार’ असं छापलं की अहवालाला वजनही येतं.

हवेचा नमुना घेणं ही खरी कला. नियमाप्रमाणे नारळाच्या करवंटीच्या कोळशाची छोटी काचनळी कामगाराच्या कॉलरला, नाकापासून फूटभराच्या आत लावतात आणि कमरेच्या पंपाने मिनिटाला जास्तीत जास्त 200 मिलिलिटर हवा तिच्यातून ओढतात. तुम्ही नळी खिडकीच्या गजाला बांधा. ट्रेवर वाकून शाई ढवळणाऱ्या माणसाच्या नाकाशी असलेली हवा आणि खिडकीतली हवा यांत कितीही पटींचा फरक पडू शकतो, आणि तोच आपल्याला हवा आहे. महिना जानेवारीचा धरा: शटर वर, पंखे चालू, हवा कोरडी. जुलैत चुकूनही नको. पावसाचं पाणी रिळांवर येऊ नये म्हणून तेव्हा खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलेलं असतं, आणि वर्षातली सगळ्यात वाईट हवा त्याच दिवसांत असते. जुलैतच घ्यावा लागला तर एक सोय मात्र आहे. दमट हवेत कोळसा पाणीही धरतो आणि टोल्युइन लवकर निसटू लागतं. म्हणून नळीत मागे कोळशाचा दुसरा, छोटा कप्पा असतो. त्यात पुढच्या कप्प्याच्या दहा टक्क्यांहून जास्त माल सापडला तर नमुना बाद धरायचा असतो. प्रयोगशाळेला सांगा, मागचा कप्पा तपासू नका, पैसे वाचतील.

आकडे आले की सरासरी काढा. सरासरीत काय काय मावतं पाहा. समजा, शिफ्टमधली 40 मिनिटं सिलिंडर आणि ट्रे धुण्यात गेली आणि तेव्हा हवेत 400 पीपीएम होतं. उरलेले 7 तास 20 मिनिटं 30 पीपीएम. आठ तासांची सरासरी येते 61. शंभराच्या आत, पेढे वाटा. पंधरा मिनिटांची 150 ची मर्यादा धुण्याच्या वेळी कधीच ओलांडली गेली, पण पंधरा मिनिटांचा वेगळा नमुना घेतलाच नसेल तर हे कळणार कसं? शिफ्ट बारा तासांची आहे, हे तर लिहूच नका. प्रचलित सूत्राने बारा तासांच्या शिफ्टला मर्यादा निम्मी होते, म्हणजे 50. त्याच हवेची बारा तासांची सरासरी 50.6. इतक्या थोडक्यासाठी कशाला कुणाला त्रास?

शिवाय शाईत एकटं टोल्युइन कधी नसतं. इथाइल ॲसिटेट असतं, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) असतं. मेंदूवर गुंगी आणणारे हे सगळे द्रावक एकाच दिशेने काम करतात, म्हणून प्रत्येकाची मोजणी त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करायची आणि ती एकच्या आत राहायला हवी. टोल्युइन 60 भागिले 100, एमईके 60 भागिले 200, इथाइल ॲसिटेट 100 भागिले 400. बेरीज 1.15. तीन रसायनं, तिन्ही पास, तिघं मिळून नापास. म्हणून तक्ता रसायनागणिक वेगळ्या पानावर घ्यावा आणि पानं शक्यतो एकमेकांपासून लांब ठेवावीत.

एक हिशेब मात्र कुणालाही करू देऊ नका, कारण त्याला ना पंप लागतो ना प्रयोगशाळा. खरेदीची बिलं काढायची. महिन्याला समजा 400 किलो द्रावक आलं. कचऱ्याच्या ड्रममध्ये 40 किलो गेलं. छापलेल्या फिल्मवर उरतं ते नगण्य. मग 360 किलो गेलं कुठे? हवेत. मशीनमन दर थोड्या वेळाने भोकाच्या कपात शाई घेऊन ती किती सेकंदांत गळते ते मोजतो, सेकंद वाढले, म्हणजे शाई घट्ट झाली, की मग्गाभर थिनर ओततो. तो प्रत्येक मग्गा म्हणजे तेवढंच उडून गेल्याची पावती. दिवसाला 12 तास, महिन्याला 26 दिवस धरले तर तासाला किलोहून जास्त. एक किलो टोल्युइनची 25 अंशांना सुमारे 265 लिटर वाफ होते. 10 बाय 6 मीटरचा, 4 मीटर उंचीचा बंद गाळा असेल तर एवढ्यानेच हवेत सुमारे 1,100 पीपीएम होतं. 500 ला तर जीव धोक्यात असल्याचं मानतात. ही वाफ पातळ करून 100 वर आणायला तासाला निदान 2,650 घनमीटर ताजी हवा लागते, 20 वर आणायला 13,000 हून जास्त, आणि तीही हवा कोपऱ्याकोपऱ्यात सारखी मिसळली तर. भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावरचा आकडा वाचू नका. आणि पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवा. तो तिथूनच हवा ओढून तिथूनच बाहेर टाकतो, ट्रेपाशी काही हलत नाही, पण आवाज छान येतो.

(‘वाफ जड, खाली बसते, नाकाशी येतच नाही’ असं एखादा जाणकार सांगेल. शुद्ध वाफ हवेच्या तिप्पट जड आहे खरी आणि ट्रेच्या काठावरून ती ओघळतेही. पण 1,000 पीपीएमची मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा जेमतेम 0.2 टक्के जड असते. जाणकाराला थांबवू नका, त्याचं वाक्य अहवालात घ्या.)

आगीचा भाग दोन ओळींत उरका. टोल्युइनचा भडका-बिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 4 अंश सेल्सिअस. मुंबईत पारा कधीच तिथवर उतरत नाही, म्हणजे उघडा डबा वर्षभर पेट घ्यायला तयार. ड्रमला अर्थिंगची तार आणि धातूचा मग्गा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्लॅस्टिकचा मग्गा स्वस्त पडतो.

आता गिऱ्हाईकाच्या आवडीचा विषय, खाद्यपदार्थाचं पाऊच. अन्न पॅकिंगच्या शाईसाठी आयएस 15495 हे भारतीय मानक आहे. 2020 च्या सुधारणेत त्यात टोल्युइन वर्ज्य ठरलं, आणि एफएसएसएआयच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी हे मानक बंधनकारक केलेलं आहे. म्हणून ‘टोल्युइनमुक्त शाई’ विकत घ्या, बिल फाइलला लावा, आणि सिलिंडर धुवायला व शाई पातळ करायला जुना ड्रम चालू ठेवा. चाचणी मागितली तर ‘एकूण स्थलांतर’ (पाऊचमधून अन्नात एकूण किती उतरतं) चाचणी करून द्या. मर्यादा 10 मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. तिची गंमत अशी की, अन्नाऐवजी पाऊचला लावलेलं द्रव आटवून खाली उरलेला गाळ तोलतात. टोल्युइन आटवतानाच उडून जातं, तराजूवर येतच नाही. ते पकडायचं तर फिल्मचा तुकडा बंद बाटलीत तापवून वरची हवा गॅस क्रोमॅटोग्राफला (वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) द्यावी लागते. ती चाचणी मागितल्याशिवाय देऊ नका. फरसाणाचं पाऊच असेल तर द्रव म्हणून डिस्टिल्ड वॉटर सुचवा. तेलकट पदार्थाला हेप्टेन किंवा ऑलिव्ह तेल लावायचं असतं, पण पाणी जास्त सात्त्विक.

‘छपाई बाहेरच्या बाजूला आहे, आत कशी जाईल?’ हे वाक्य पाठ असू द्या. रीळ गुंडाळला की छापलेली बाजू शेजारच्या थराच्या आतल्या बाजूला चिकटून आठवडेच्या आठवडे बसते आणि शाईतले छोटे रेणू तिथे उतरतात. 2005 मध्ये इटलीत बाळांच्या दुधात यूव्ही शाई (अतिनील प्रकाशाने सुकणारी) सुकवायला घातलेलं आयटीएक्स हे रसायन सापडलं होतं, ते पुठ्ठ्याच्या खोक्यांवरच्या छपाईतून. पण हे परदेशचं. आपल्याकडे वडापाव वर्तमानपत्रात बांधायला एफएसएसएआयची मनाई आहे आणि तो कसा बांधला जातो ते सगळेच पाहतात. तुमच्या पाऊचकडे कोण बघतंय?

पाण्याचा भाग काव्यात्म लिहावा. शास्त्र असं: मासा, डॅफ्निया (पाण्यातला इवलासा पिसवासारखा जीव) आणि शैवाल यांवर छोट्या मुदतीच्या चाचण्या करायच्या, सगळ्यात नाजूक जीवाला ज्या प्रमाणात इजा होते तो आकडा घ्यायचा, त्याला 1,000 ने भागायचं. आकडा लिटरला 4 मिलिग्रॅम आला तर सुरक्षित पातळी 4 मायक्रोग्रॅम. मग नाल्यात खरोखर किती जातं ते त्याच्याशी ताडून पाहायचं. नाल्यात मे महिन्यात पाणी किती असतं हे विचारात घेतलंत तर फसलात. नाला मिठीला, मिठी माहीमच्या खाडीला, खाडी समुद्राला. तुम्ही थेट अरबी समुद्राने भागा. तळाच्या गाळात बसणाऱ्या रंगद्रव्याचं नाव काढू नका. पिवळ्या शाईत लेड क्रोमेट असेल तर शिसं आणि क्रोमियम उडूनही जात नाही, कुजतही नाही.

पुसलेल्या चिंध्या आणि रिकामे डबे 2016 च्या नियमांत घातक कचरा आहेत. 90 दिवसांच्या आत ते मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद) भरून तळोज्याच्या केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणी जायला हवेत. चिंध्या उघड्यावर वाळवा. वाळल्या की द्रावक नाही, द्रावक नाही की कचरा हलका. डबे भंगारवाल्याला. ते पुढे कुणाच्या पाण्याला लागतात, हे मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर आहे, असं पहिल्याच पानावर घालून ठेवा.

कामगारांना कापडी मास्क द्या. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्याला सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज लागतं आणि तेही भरलं की बदलावं लागतं, पण फोटोत दोन्ही मास्कच दिसतात. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून टोल्युइन काही मिनिटांत पार होतं, तरी रंग निळा असल्याने छाप चांगली पडते. शिफ्टअखेर थिनरने हात धुवायची जुनी पद्धत मोडू नका. कातडीतलं तेल निघून जातं, भेगा पडतात, भेगांतून रसायन आणखी सहज शिरतं.

वैद्यकीय तपासणी सोमवारी सकाळी, शिफ्टच्या आधी ठेवा. टोल्युइन शरीरात गेलं की त्याचं हिप्युरिक ॲसिड होऊन लघवीत उतरतं, ते शिफ्ट संपताना मोजायचं असतं. रविवार मध्ये गेला की ते उतरलेलं असतं. तरी जास्त आलं तर कोल्ड्रिंक आणि लोणच्यातल्या सोडियम बेंझोएटवर ढकला, त्यानेही ते वाढतं, आणि लघवीत उतरणाऱ्या टोल्युइनच्याच दुसऱ्या खुणेची, ऑर्थो-क्रेसॉलची, जास्त नेमकी चाचणी असते हे डॉक्टरांना आठवू देऊ नका. ऐकू कमी येत असेल तर लोकल ट्रेन आहेच. टोल्युइन आणि मशीनचा आवाज मिळून कानाला एकेकट्यापेक्षा जास्त इजा करतात, पण ध्वनी आणि रसायन यांचे विभाग वेगळे, तपासणारे वेगळे. कामगार म्हणेल, ‘आता वासच येत नाही, साहेब.’ हे ‘हवेची गुणवत्ता सुधारली’ या मथळ्याखाली घ्या. नाक थोड्या वेळात सरावतं, हवेतलं प्रमाण तेवढंच राहतं.

अहवाल झाला की वैधता पाच वर्षं टाका. मशीन बदललं, शाई बदलली, शिफ्ट वाढली की मूल्यमापन पुन्हा करायचं असतं. म्हणून नव्या आठरंगी मशीनची नोंद ‘जुन्या चाररंगी मशीनची दुरुस्ती’ अशी करा.