माँटू पॉझिटिव्ह म्हणजे टीबी नव्हे

'माँटू टेस्ट पॉझिटिव्ह आली की टीबी झालाच' हे टीबीबद्दलच्या एका लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. या चाचणीत टीबीच्या जंतूपासून काढलेलं थोडं प्रथिन हाताच्या त्वचेत टोचतात. तिथे गाठ उठते ती शरीरातल्या पेशी त्या जंतूला ओळखतात म्हणून. जंतू आत कोंडून निपचित पडलेला असला तरी ती उठते, कधीकधी लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीमुळेही. हर्णैला माझ्या चुलतभावाची अशीच गाठ उठली, तर होडीवरचे खलाशी त्याच्या शेजारी जेवायला बसेनात! एक्स-रे, थुंकी दोन्ही स्वच्छ. (मोजायचा असतो तो गाठीचा कडक भाग, ४८ ते ७२ तासांनी. भावाची टेस्ट करणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी लाली बघून निकाल दिला.)

उलट एचआयव्ही किंवा कुपोषणात प्रतिकारशक्ती इतकी खचते की खरा टीबी असूनही हात कोरा राहू शकतो. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.