पाणी बदलल्यामुळे मासे मरत नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कोई म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे, त्यांच्या टाकीत पाणी किती असावं आणि ते किती बदलावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. खाली दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर देतोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमची टाकी १२ बाय ६ फुटांची, ३ फूट खोल, त्यात १० कोई. पाणी आरशासारखं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. एरवी तुम्ही फक्त उडालेलं पाणी भरता. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे मलूल होतात, तुम्ही अर्धी टाकी उपसून नळाचं ताजं पाणी भरता आणि त्यानंतर एक-दोन मासे जातातच. म्हणून पाणी बदलणं हेच घातक, असा तुमचा निष्कर्ष. दुसरं, माण तालुक्यासारख्या भागात आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायला सांगणं हे पाप आहे. आणि तिसरं, जपानी लोक मातीच्या तळ्यात फिल्टरशिवाय कोई वाढवतात, मग आपल्यालाच एवढा खटाटोप कशाला?

आधी टाकीत पाणी किती आहे ते बघू, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. १२ गुणिले ६ गुणिले ३ म्हणजे २१६ घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले की ६१०० लिटर, आणि तुम्ही हाच आकडा दिलाय. पण पाणी काठाच्या अर्धा फूट खाली असतं, भिंती आत उतरत्या आहेत आणि तळाशी गोटे आहेत, हेही तुम्हीच लिहिलंय. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एकूण साठा आणि उपयुक्त साठा यांतला फरक मी काय सांगणार. इथे तोच फरक आहे. अर्ध्या फुटाचे हजार लिटर गेले, उतार आणि गोटे यांपायी आणखी चौथा हिस्सा गेला. हातात राहिलं ३८०० लिटरच्या आसपास.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर मिठाने मोजा. टाकीतलं एक वाचन क्षारता-मीटरवर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या यंत्रावर, आधी घेऊन ठेवा. ५ किलो खडेमीठ बादलीत विरघळवून टाकीत सगळीकडे थोडं थोडं सोडा, पंप चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. लिटरमागे १.३ ग्रॅम वाढ दिसली तर ५००० भागिले १.३, म्हणजे साधारण ३८५० लिटर. एवढं मीठ कोईला सोसतं, पाणवनस्पतींना मात्र नाही, त्या आधी बाहेर काढा. हा आकडा नेमका हवा तो औषधासाठी. ६१०० लिटरच्या हिशोबाने पोटॅशियम परमँगनेट टाकलंत आणि पाणी ३८०० निघालं, तर डोस दीडपटीच्या वर जातो. त्यात कल्ले भाजतात.

आता तुमच्या मेलेल्या माशांकडे येतो. मला खरं बोलायचंय ते यावरच.

तुम्ही रोज १०० ग्रॅम खाद्य घालता. कोईचं खाद्य साधारण ४० टक्के प्रथिनांचं असतं, आणि एवढ्या खाद्यातून दिवसाला सुमारे ३.७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. त्यातला बराचसा विष्ठेतून नाही, थेट कल्ल्यांमधून बाहेर पडतो. ३८०० लिटरमध्ये तो रोज लिटरमागे जवळपास १ मिलिग्रॅम होतो. त्याला रंग नाही, आणि त्या पातळीला वासही येत नाही. म्हणून 'पाणी स्वच्छ दिसतं' यावरून काहीच कळत नाही. फिल्टरमधले नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, शेवटचं त्या मानाने सौम्य. तुमचा फिल्टर हे काम करतोय, नाहीतर मासे इतका काळ जगलेच नसते.

पण या कामाला एक गोष्ट खर्ची पडते, ती म्हणजे पाण्याची अल्कता, आम्ल पचवण्याची त्याची ताकद. टेस्ट किटवर तिला केएच म्हणतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७ ग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता संपते. तुमच्या टाकीत हा खर्च रोजचा २६ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ७ मिलिग्रॅम. धरणाच्या नळाच्या पाण्यात सुरुवातीला ८० मिलिग्रॅम अल्कता आहे असं धरलं, तर ती पंधरवडाही पुरत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज जे ५०-६० लिटर भरता, त्यातून ४-५ ग्रॅम परत येतात. जमा पाच, खर्च सव्वीस. असा ताळेबंद उन्हाळाभर चालला की पीएच खाली सरकत जातो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं. तो साडेसहाच्या आसपास आला की जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो.

मग तेव्हाच मासे का मरत नाहीत? कारण अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप कल्ल्यातून आत शिरून मारतं. २५ अंश तापमानाला पीएच ६.५ असेल तर हे मारक रूप हजारात दोनपेक्षाही कमी असतं. ७.५ ला ते शंभरात जवळपास दोन होतं, ८ ला शंभरात पाचाच्या वर. आम्लधर्मी पाण्यात मासे अमोनियाच्या साठ्यावर बसून असतात, तरी वरून ठीक दिसतात.

अशात मृगाचा पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात अल्कता जवळपास नसतेच, त्यामुळे उरलीसुरली तीही पातळ होते आणि पीएच आणखी कोसळतो. मासे अंग आखडून तळाशी बसतात, कल्ले जड चालतात. तुम्ही काळजीपोटी अर्धं पाणी काढून नळाचं भरता. नळाच्या पाण्याचा पीएच पावणेआठ-आठ. टाकीचा पीएच तासाभरात वर उसळतो. अर्धा अमोनिया उपसलेल्या पाण्याबरोबर गेला हे खरं, पण उरलेल्यातला मारक हिस्सा दहापट किंवा त्याहूनही जास्त झाला. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, जास्त मारतात. तो क्लोरीन कल्ल्यांनाही झोंबतो आणि फिल्टरच्या जीवाणूंनाही.

तेव्हा तुमचं निरीक्षण अचूक आहे. पाणी बदललं आणि मासे गेले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण ते बदलल्यामुळे गेले नाहीत. वर्षभर न बदललेलं पाणी एका दुपारी अर्धं बदललं, म्हणून गेले. आठवड्याला थोडं थोडं बदला असं मी जे लिहितो, ते हा धक्का टाळण्यासाठीच. दर वेळी थोडी अल्कता आत येते, थोडा नायट्रेट बाहेर जातो, आणि टाकीचं पाणी नळाच्या पाण्यापासून फार लांब जात नाही.

पाण्याच्या नासाडीचा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणून तोही आकड्यांतच बघू. तुमच्या टाकीचे दहा टक्के म्हणजे ३८० लिटर, दोन पिंपांना थोडं कमी. तुमच्या अंगणात नारळ आणि लिंबू आहेत, त्यांना तुम्ही पाणी घालताच. ते नळीने सरळ न घालता टाकीच्या तळातून गाळासकट काढून घाला, आणि तेवढंच पाणी टाकीत भरा. पाण्याचा एकूण वापर तोच राहतो आणि झाडांना नायट्रेट मिळतो ते वेगळंच. मीठ घातलेलं पाणी मात्र झाडांना अजिबात नको. त्या प्रयोगानंतर क्षारता-मीटरवरचं वाचन आधीच्या आकड्याजवळ येईपर्यंतची पाणीबदली गटारात जाऊ द्या. आणि टँकरवर घर चालत असेल तर कोई ठेवूच नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पाळण्यासारखे छोटे मासे बरेच आहेत.

नुसतं उडालेलं पाणी भरत राहण्यात आणखी एक अडचण आहे, बोअरवाल्यांनी तरी ती लक्षात घ्यावी. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं बोअरचं पाणी आठवड्याला ४०० लिटर भरलं, तर टाकीत दर आठवड्याला २०० ग्रॅम क्षार वाढतात. तिथे अल्कता संपत नाही, उलट पाणी जड होत जातं आणि पीएच चढा राहतो. अशा पाण्यात अमोनिया अगदी थोडा असला तरी महाग पडतो.

जपानचं म्हणाल तर निइगाता प्रांतातली, यामाकोशी आणि ओजिया भागातली मातीची तळी मोठी असतात आणि त्यात मासे बेताने सोडतात. उन्हाळाभर मासे तिथे राहतात, शरद ऋतूत तळी रिकामी करून ते बाहेर काढतात. तिथे बर्फ प्रचंड पडतो, त्यामुळे हिवाळा मासे शेडखालच्या सिमेंटच्या टाक्यांत काढतात, आणि त्या टाक्यांना फिल्टर असतात. मातीच्या तळ्यात फिल्टर लागत नाही ते पाणी भरपूर, मासे कमी आणि तळाची माती जिवंत म्हणून. ३८०० लिटरमध्ये १० कोई हे त्याच्या नेमकं उलटं आहे.

'हजार लिटरला एक मासा' हे दुकानदारांचं गणित, असंही तुम्ही लिहिलंय. दुकानदाराला जास्त मासे विकायचे असतात काका, हा नियम त्याच्या धंद्याच्या विरोधात जातो. आज हातभर असलेली कोई चांगल्या पाण्यात दोन फुटांची होते. तुमच्या टाकीत चार ठेवा, सहा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदीत, तलावात किंवा पाझर तलावात मात्र एकही सोडू नका. कोई हा कार्पच आहे. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या गावच्या माशांचं खाणं हिरावतो.

वीज गेली की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. मला ते सगळ्यांत गंभीर वाटलं. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. रात्रभर मासे, शेवाळ आणि जीवाणू तिघेही तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयाआधी तो सर्वांत कमी असतो. ३०-४० वॅटचा एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. पाण्याचा पंप मात्र इन्व्हर्टरवर जोडू नका, बॅटरी लवकर उतरेल. आणि वीज पाच-सहा तास गेली असेल तर फिल्टरमध्ये कोंडलेलं पाणी आधी बाहेर सोडा, मगच पंप सुरू करा. त्या पाण्यात प्राणवायू राहिलेला नसतो.

यंदा पावसाआधी एवढं करा. आजपासून तीन आठवडे रोज ३०-४० लिटरच बदला, जास्त नको. भरायचं पाणी पिंपात एक दिवस हवा सोडून ठेवा, किंवा हजार लिटरला १० ग्रॅम या हिशोबाने हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाका. खाद्य निम्म्यावर आणा. केएच लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खायचा सोडा रोज ५० ग्रॅम, पाण्यात विरघळवून संध्याकाळी, आठवडाभर. पण त्याआधी अमोनिया मोजा, आणि तो लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सोडा थांबवून आधी नुसती पाणीबदली चालू ठेवा. गच्चीचा पन्हाळा टाकीत उतरत असेल तर तो वळवा.

थेंबांचं टेस्ट किट आणून पीएच, केएच, अमोनिया आणि नायट्राइट मोजा. पीएच दोनदा घ्या, पहाटे सहाच्या आत आणि दुपारी चारला. नळाच्या पाण्याचंही एक वाचन लागेल, ते बादलीत रात्रभर ठेवून मगच घ्या. हे आकडे खाली लिहिलेत की तुमच्या टाकीला सोडा किती आणि किती दिवस, ते नीट हिशोब करून सांगतो.