फुटण्याच्या जागेपासून चार मीटर

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सध्या तीन सूचना आहेत. टाकी धुतली जाणार आहे. शुक्रवारी पाणी येणार नाही. आणि तिसरी सूचना मी आहे. 'फ्लॅट नं. ७ यांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री १० वाजून ३ मिनिटांनी आवारात फटाका वाजवला. दंड रु. ५००/-.' वॉचमनने जागा वाचवण्यासाठी ती पाण्याच्या सूचनेला इतकी खेटून लिहिली आहे की घाईत वाचणाऱ्याला शुक्रवारचं पाणीही माझ्यामुळेच गेलंय असं वाटावं. काल तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती हो." पाण्याबद्दल की फटाक्याबद्दल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुळात मी फटाका वाजवलेलाच नाही. तो वाजला. वाजवणे आणि वाजणे ही मराठीत दोन निरनिराळी क्रियापदं आहेत, आणि आपल्या पूर्वजांनी ती हौसेखातर केलेली नाहीत.

झालं ते एवढंच. बहीण दिवाळीला माहेरी आलेली, तिची सात वर्षांची ओवी, आणि ओवीच्या वाट्याचा शेवटचा पाऊस, म्हणजे मातीच्या कुंडीतला अनार. नऊ छप्पन्नला मी उदबत्ती टेकवली. वात फुरफुरली, दोन ठिणग्या उडाल्या आणि पाऊस गप्प बसला. फुसक्या फटाक्याजवळ लगेच जायचं नाही, हे लहानपणी माझ्या पाठीवर व्यवस्थित शिकवलेलं असल्यामुळे आम्ही लांब उभे राहून वाट बघितली. दहा वाजले. मुलं वर गेली. मी पाण्याची बादली आणायला वळलो आणि मागे धडाम! पावसाने पडायचं असतं, हा फुटला. मातीच्या कुंडीच्या ठिकऱ्या उडाल्या, एक ठिकरी कुणाच्या तरी अ‍ॅक्टिव्हाच्या कव्हरला भोक पाडून गेली, आणि धुरातून सबनीस काका प्रकट झाले.

सबनीस काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात गेला. निवृत्तीनंतर तराजूही राहिले नाहीत आणि चिंचही, पण नजर राहिली. दुधाची पिशवी ते अजून मापात ओतून घेतात. पोळ्यांच्या बाई त्यांच्याकडे टिकत नाहीत, कारण त्या पोळीचा व्यास मोजतात म्हणे. खिशात बारा महिने स्टीलचा पिवळा टेप असतो. लेंग्याच्या खिशातसुद्धा.

"दहा तीन," काका मनगट माझ्यापुढे धरून म्हणाले.

"काका, लावला तो नऊ छप्पन्नला. ओवीला विचारा."

"कधी लावला ते कोण विचारतंय? कायदा फुटण्यापासून मोजतो."

मला वाटलं, गंमत करतायत. पण काका आयुष्यात कधी गंमत करत नाहीत. त्यांनी १९९९ ची अधिसूचना वाचलेली होती. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा नाही. "फुटण्याच्या जागेपासून म्हटलंय. पेटवण्याच्या जागेपासून म्हटलंय का? नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फटाका अस्तित्वात कधी येतो? फुटल्यावर. तोपर्यंत ती नुसती मातीची कुंडी."

"अहो, पण ते जागेबद्दल आहे. वेळेबद्दल नाही."

"जागा फुटण्याची धरायची आणि वेळ पेटवण्याची? असं वाटेल तसं माप लावायचं नसतं. शून्य धरा."

आणि टेपचं टोक माझ्या हातात देऊन ते उलटे चालायला लागले. मी, वय वर्षं त्रेचाळीस, एका खाजगी कंपनीत माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, तो मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या कुडत्यात उकिडवा बसून एका काळ्या डागावर शून्य धरून होतो. एक मीटर चाळीसला काका अ‍ॅक्टिव्हावर आदळले. दिशा बदलली. दोन दहाला कुणाची तरी वॅगनआर. मग पंपाच्या खोलीकडे गेले, तिथे तीन वीसला भिंत लागली. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीच्या आवारात सलग चार मीटर मोकळी जागा नाही, हा शोध त्या रात्री लागला. इमारत उभी राहिली तेव्हा इथे दोन स्कूटर आणि एक सायकल असायची. आता अकरा गाड्या आहेत. उरलेले ऐंशी सेंटिमीटर भिंतीपलीकडे, शेजारच्या सोसायटीत पडत होते. काकांनी टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. त्यांच्या सेक्रेटरीला उठवावं की काय, हा विचार मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"मग मोजमापच ग्राह्य नाही," मी शून्य सोडत म्हणालो.

"शून्य सोडू नका!" काका ओरडले, आणि मग मोबाईल काढला. त्यात आवाज मोजायचं अ‍ॅप आठ वाजल्यापासून चालू होतं. सर्वांत मोठा आकडा ९४.

"बघा! १२५ च्या कितीतरी खाली!"

"तो माझा आहे," काका म्हणाले. "'कोण आहे रे तिकडे' म्हणालो ना, तेव्हाचा. तुमचा ८८. मी जिन्यात होतो."

"आणि मोबाईलवर मोजलेलं कायद्यात चालतं?"

इथे काकांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मी पुन्हा शून्य धरलं. "अहो, कायद्यातच छापलंय. १२५ डीबी, आणि पुढे कंसात, ए आय. एआय! मोबाईलमध्ये आहे तेच."

आता त्यातला ए म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं त्या बेताने आवाज मोजायची पट्टी, आणि आय म्हणजे आघाती, क्षणात येऊन जाणारा आवाज. मी हे सांगून पाहिलं. १९९९ साली आपल्याकडे कॉम्प्युटर एकाच चिंतेत होते, दोन हजार साल उजाडल्यावर चालतील की नाही, हेही सांगून पाहिलं. काका म्हणाले, "सरकारला कधी कधी पुढचं दिसतं."

रात्री दहानंतर आवारात फटाका वाजला तर पाचशे रुपये दंड, हा ठराव गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेतला. सूचक सबनीस. अनुमोदक मी.

हेच तर ठसठसतंय. बंदीच्या विरुद्ध असतो तर हुतात्मा तरी झालो असतो. पण आईला दमा आहे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत आमच्याकडे तोरण आणि नेब्युलायझर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालतात. २०१५ साली सहा ते चौदा महिन्यांच्या तीन बाळांच्या नावाने फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, त्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळीला फक्त रात्री आठ ते दहा हा निकाल आला, तेव्हा मी पेढे वाटायचाच राहिलो होतो. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने हवेचे हाल बघून मुंबई, ठाणे सगळीकडे आधी सात ते दहा म्हटलं आणि चारच दिवसांत त्यातला एक तास कापून आठ ते दहा केलं, तेव्हाही मी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेले सहा टाकले होते. काकांनी ते मोजलेले असणार.

तसा आमच्या घराण्यातला हा पहिला गुन्हा नव्हे. वडील जन्मात कधी विनातिकीट गेले नाहीत, पण दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मशीद बंदर ते ठाणे एवढा प्रवास त्यांनी गुन्हेगार म्हणून केला. खाली भुईचक्रं, लवंगी, टिकल्या, वर मेथीची जुडी. फटाके घेऊन रेल्वेत बसलात तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भांडुपला कुणी दारात उभं राहून बिडी पेटवली की वडील पिशवी पोटाशी घेऊन जागच्या जागी पाठ फिरवायचे. मी शेजारी बसून मेथीकडे बघायचो. इतकी निरागस मेथी मी पुन्हा पाहिली नाही.

आणि ते फटाके वाजायचे पहाटे. नरकचतुर्दशीला चार वाजता उटणं लावून, डोळ्यांत साबण गेलेला असताना, डाव्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचं आणि वाड्यात पहिला फटाका आपला म्हणून धावायचं. आता रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, त्यामुळे आम्ही नरकासुराला रात्री आठनंतर, जेवणाच्या आधी मारतो. तमिळनाडूने २०१८ मध्ये न्यायालयात जाऊन सांगितलं की आमची दिवाळी पहाटेची असते, आणि दोन तास तेच ठेवून वेळ आपल्या सोयीने वाटून घेतली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. आपल्याकडून कुणी गेलं नाही. आपण बहुतेक दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर सेल्फी काढत होतो.

तर तो पाऊस. त्याच्या खोक्यावर हिरवं बोधचिन्ह होतं, क्यूआर कोड होता. हिरवा फटाका म्हणजे नागपूरच्या नीरी संस्थेने बसवलेला, धूलिकण निदान तीस टक्क्यांनी कमी. कोड स्कॅन केला तर काहीच उघडेना. विकणारा म्हणाला, "साहेब, दिवाळीत सगळे करतात ना, लोड येतो." नियमाप्रमाणे तात्पुरत्या दुकानांत एकमेकांपासून तीन मीटरचं अंतर हवं, दुकानं समोरासमोर नकोत, उघडी ज्योत जवळ नको. याचं टेबल फुटपाथवर होतं, डावीकडे रांगोळीवाली आणि उजवीकडे वडापावची गाडी, कढई रटरटती. तिथे कुणी टेप घेऊन आलेलं मी पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही म्हणा. ओवी 'तो मोठा' म्हणत होती आणि वडापाव गरम होता.

त्याच रात्री पावणेबाराला नाक्यावर माळ लागली. साधी नव्हे. एका भाऊंच्या कार्यालयापासून सुरू होऊन चौकाला वळसा घालणारी, लाल कागदाची सतरंजी अंथरावी तशी. काचा थरथरल्या. आई उठून बसली. मी मशीन लावलं, खिडकी ओढून घेतली आणि गॅलरीत आलो, तर खालच्या गॅलरीत अंधारात मोबाईलचा उजेड.

"दहा हजारांची आहे," काका वर न बघता म्हणाले. "एकशे पाच."

"काय एकशे पाच?"

"मर्यादा. माळ असली की १२५ मधून वजाबाकी होते. फटाक्यांच्या संख्येचा लॉग घ्यायचा, पाचाने गुणायचं. दहा हजारांत एकावर शून्यं चार, म्हणून लॉग चार. चार पंचे वीस."

"पण २०१८ पासून माळेला मुळातच बंदी आहे ना?"

"आहे ना."

"मग मर्यादा कसली काढताय?"

काका गप्प. माळ अजून अर्ध्यावरही आलेली नव्हती. बंदी असलेला फटाका वाजला तर त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरू, असं त्याच निकालात आहे. नाक्यावर गाडी उभी होती खरी. दिवा फिरत होता, त्याचा निळा-तांबडा उजेड धुरात छान दिसत होता.

"टेप घेऊन जाऊ या का खाली?" मी विचारलं. "मी शून्य धरतो."

जरा वेळाने खालून आवाज आला. "चार मीटरवर उभं राहावं लागतं हो." मग आणखी थोड्या वेळाने, "वारा इकडचाच आहे. आईंची दुसरीही खिडकी लावून घ्या." आणि त्यांचं दार लागलं.

पाडव्याला सकाळी मी पाचशे रुपये घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकूंनी फराळाची बशी ठेवली, चकल्या चार, लाडू एक. काकांनी पावती पुस्तक काढलं आणि लिहिलं, 'फटाका, १ नग'. मी म्हटलं, 'फुसका' असं लिहा, निदान तेवढं तरी खरं असू द्या. काकांनी पेन उचललं. "फुसका असता तर दंड कसा? फुटला म्हणून दंड. फुसक्याचा दंड घेतला तर ऑडिटर मला विचारेल." यावर आमची चकल्या संपेपर्यंत वादावादी झाली. शेवटी त्यांनी कंसात 'उशिरा' असं लिहिलं आणि शिक्का मारला. अ‍ॅक्टिव्हाच्या कव्हरचे साडेतीनशे वेगळे गेले. भोक अठरा मिलिमीटर भरलं, मी हजर होतो.

फळा अजून पुसलेला नाही. पुसायचा तर ठराव लागतो, असं काका म्हणतात. सूचक व्हायला ते तयार आहेत. अनुमोदक शोधतायत.