‘आजी असताना कोच कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली तेव्हा रागच आला. दुपारी चहा घेताना पुन्हा वाचली आणि वाटलं, यातलं निम्मं बरोबर आहे. म्हणून दोन ओळींत न आटपता नीट लिहिते.

इतरांसाठी थोडक्यात सांगायचं, तर लाइफ कोचबरोबर (म्हणजे सल्ला न देता, प्रश्न विचारून आपलं आपल्याला ठरवायला मदत करणारी व्यक्ती) आठ बैठका केल्यावर मला काय मिळालं ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं, की आजी, मामा, शाळेतले गुरुजी जे फुकट सांगायचे तेच आता तासाच्या हिशेबाने विकलं जातंय. हे कोच तीन दिवसांचं शिबिर करून तयार होतात. ज्याने स्वतः कधी कारखाना पाहिला नाही, तो कारखान्यातल्या बाईला काय शिकवणार? आणि शेवटी, ‘आचरेकर सरांना कोच म्हणावं, यांना नाही.’

आचरेकर सरांचं उदाहरण तुमच्या बाजूने साक्ष देत नाही, सर. ते स्वतः आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, स्टेट बँकेच्या संघाकडून. सचिनला घडवायला सचिनइतक्या धावा नावावर लागल्या नाहीत. दमलेल्या पोराला आणखी थोडा वेळ बाद न होता उभं कसं ठेवायचं हे त्यांना कळत होतं, म्हणून स्टंपवर रुपयाचं नाणं आलं : बाद झाला नाहीस तर ते तुझं.

पण मुळात माझी कोच मला शिकवत नव्हतीच. इथे मी लेखात गोंधळ केला. टिमोथी गॅलवे नावाचे अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं, की मनगट असं धर, पाय तसा टाक, असं जितकं जास्त सांगावं तितका शिकणारा अवघडतो. मग ते फक्त एवढंच सांगायचे : चेंडू जमिनीला लागला की ‘बाउन्स’ म्हण, रॅकेटला लागला की ‘हिट’ म्हण. लक्ष चेंडूवर राहायचं आणि फटका आपोआप सुधारायचा. १९७४ साली त्यांनी हे पुस्तकात मांडलं आणि पुढे ते मैदानातून ऑफिसांत शिरलं. माझ्या कोचने कारखाना पाहिलेला नाही हे खरंच आहे. तो मी पाहिलाय.

आता आजी. सर, माझ्याकडे सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. एकेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे क्वालिटीचा अख्खा विभाग आला, बावीस माणसं. तीन महिन्यांत मी रात्री नऊच्या आत घरी पोचेनाशी झाले. आई म्हणाली, सोड ती नोकरी, तब्येत आधी. नवरा म्हणाला, घराचे हप्ते आहेत, दोन वर्षं कशीबशी काढ. मामा म्हणाला, आम्ही तर डबल शिफ्ट करायचो. यातलं कुणीही माझ्या वाईटावर नव्हतं. पण माझ्या उत्तरावर प्रत्येकाचं काहीतरी अवलंबून होतं : आईची झोप, नवऱ्याचा हप्ता, मामाची आयुष्यभराची समजूत. त्यांनी तटस्थपणे ऐकावं अशी अपेक्षा करणं हाच अन्याय झाला असता.

कोचने पहिल्या दिवशी विचारलं, “गेल्या आठवड्यात तुमच्यावाचून अडलंच असतं अशी कामं कोणती?” मी धडाधड सांगायला लागले. तिने थांबवलं. आठवून नको, आठवडाभर लिहून आणा म्हणाली. लिहिली. सत्तेचाळीस नोंदी झाल्या आणि माझ्यावाचून अडतील अशा त्यात अकरा. बाकीची कामं ‘समजावत बसण्यापेक्षा मीच करते’ या खात्यातली. एवढं कळायला पैसे कशाला, असं तुम्ही म्हणाल. कळायला पैसे लागलेच नाहीत. पुढच्या गुरुवारी तिने “यातलं कोणतं दिलंत?” असं विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याचे लागले. ती रागावली नाही. नुसती गप्प बसली, आणि ते जास्त लागलं. तिसऱ्या आठवड्यात बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी मी एका ज्युनिअर मुलावर सोपवली. त्याने पहिल्याच आठवड्यात एक खराब लॉट पास केला, तो लाइनवरून परत आला, आणि मी काम काढून घ्यायला निघाले. कोचने विचारलं, “तुमच्या हातून असा लॉट कधी सुटलाच नव्हता का?” सुटला होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, आणि तेव्हाच्या साहेबांनी माझं काम काढून घेतलं नव्हतं. तपासणी त्या मुलाकडेच राहिली. हल्ली मी बहुतेक दिवस साडेसातला घरी असते. महिनाअखेर सोडून.

आणि ज्याला आपलं काम येतं त्याला कोच कशाला, याबद्दल एक उदाहरण. डॉ. अतुल गवांदे अमेरिकेतले शल्यचिकित्सक, वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडचे. २०११ साली त्यांनी लिहिलं, की आठेक वर्षांच्या अनुभवानंतर आपली सुधारणा थांबल्यासारखी वाटू लागली. म्हणून निवृत्त झालेल्या आपल्याच एका गुरूंना त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये वही घेऊन उभं केलं. ऑपरेशन छान झालं. गुरूंच्या वहीत मात्र बरंच काही होतं. कोपर मधूनमधून खांद्यापर्यंत वर जातं. दिवा जखमेवरून सरकलाय आणि जवळजवळ अर्धा तास तुम्ही परावर्तित उजेडात काम करताय. हात शिवणात असताना दिवा सरकलेला दिसत नाही, एवढंच.

आता तुमचं बरोबर असलेलं निम्मं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचला तसलं काहीच लागत नाही, उद्या तुम्ही आणि मीसुद्धा पाटी लावू शकतो. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र असतं. पहिल्या पायरीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष काम, पुढच्या पायरीला १२५ आणि ५००. पण ही खासगी संस्था आहे, सरकारी मान्यता नव्हे.

आणि एक गोष्ट मी लेखातून चक्क गाळली होती. या कोचआधी मी एकाकडे अठरा हजार घालवले होते. हॉटेलचा हॉल, मोठ्याने संगीत, ‘ब्रह्मांडाकडे मागा’, आणि आज रात्री बारापर्यंतच सवलत. तुम्ही म्हणता ते तीन दिवसांचं शिबिर मी आतून पाहिलंय. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, कारण दुसरी निवडताना मी जे विचारलं ते त्यातूनच सुचलं : तुम्ही कोणती कामं घेत नाही? ती म्हणाली, “आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.” आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर लिहून दिला. पहिल्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं, ‘आम्ही सगळंच घेतो.’

पैशांबद्दल तुमच्याशी वाद घालत नाही. बैठकीला दोन हजार, म्हणजे सोळा हजार झाले. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना हे परवडत नाही.

राहता राहिला तुमच्या प्रतिक्रियेतला तुमच्या विद्यार्थ्याचा किस्सा. दहावीनंतर आयटीआय की अकरावी, असं विचारायला आलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही काहीच न सांगता दोनदा परत पाठवलंत, ‘वडिलांचं सोड, तुला हातात पाना धरायला आवडतो का ते बघून ये’ म्हणून. सर, माझी कोच हेच करते. आणि तुमच्या जागी माझा मामा असता, तर त्याने पहिल्याच दिवशी ‘अकरावी घे’ म्हटलं असतं.

तो तिसऱ्यांदा आला तेव्हा काय म्हणाला, हे लिहायचं मात्र तुम्ही विसरलात. कळवा.