चर बुजवा, मग पाहणी करा

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर जमिनीखालून फायबर केबल टाकण्याच्या कामावर क्वालिटी इंजिनिअर म्हणून तुमची नेमणूक झाल्याचं कळलं. अभिनंदन! चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हेल्मेट, कोरी करकरीत टेप आणि फोटोवर तारीख-वेळ-ठिकाण छापणारं ॲप, एवढा सरंजाम मिळाला असेल. त्यातलं ॲप तेवढं जपा. बाकीचं हरवलं तरी बिल अडत नाही.

सुरुवात वेळेपासून करू. खोदाई रात्री चालते, कारण दिवसा चर खणायला घेतला तर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत अडकलेले लोक गाड्यांतून उतरून तुम्हालाच त्यात पुरतील. म्हणून तुम्ही सकाळी साडेदहाला, चहा-बिहा घेऊन साइटवर पोचा. तोवर चर बुजलेला असतो, मुरूम पसरलेला असतो, पेव्हर ब्लॉक परत बसलेले असतात. दोन-चार डुगडुगतात, पण ती फायबरची बाब नव्हे. मुकादम म्हणतो, ‘साहेब, बघून घ्या.’ तुम्ही बघून घ्या. बघण्यासारखं सगळं जमिनीखाली गेलेलं असल्याने ही पाहणी पाच मिनिटांत उरकते.

आता खोली. कागदावर ती १.६५ मीटर असते. टेलिफोन खात्याच्या जमान्यापासून चालत आलेला हा आकडा आहे, आणि त्यामागचा हिशेब साधा: वरच्या थरात पाणी, वीज, गॅस, गटार असे सगळे खणत राहणार, त्यांची कुदळ आपल्यापर्यंत पोचू नये. पण ठाण्यात १.६५ मीटर खाली जायचं म्हणजे आधी या सगळ्यांना नमस्कार करत जावं लागतं. एवढा मान कोण देतो? पाऊण मीटरवर डक्ट, म्हणजे केबलची प्लास्टिकची नळी, टाकून मोकळं व्हावं आणि फोटोसाठी एकच खड्डा मनापासून खोल घ्यावा.

हा खड्डा म्हणजे तुमच्या कारकिर्दीचा पाया. त्यात टेप सोडायची, मुकादमाला शेजारी उभं करायचं, समोर चेनेजची, म्हणजे सुरुवातीपासून किती किलोमीटर-मीटर आलो त्याची, पाटी धरायची: ०/२००. टिपा. मग सगळ्यांनी दोन पावलं सरकायचं, पाटीवर खडूने ०/४०० करायचं, कॅमेऱ्याची बाजू बदलायची. टिपा. असं करत करत दोन किलोमीटरची खोली एका जागी उभं राहून नोंदवता येते. ॲप ठिकाण छापतं ही अडचण खरी, पण उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठेही चालतं. नजर मात्र तिखट हवी. अशाच एका फाइलीत पाटी दोनशे-दोनशे मीटरने पुढे जात होती आणि खड्ड्याच्या काठावर झोपलेला पिवळा कुत्रा प्रत्येक फोटोत त्याच पायावर डोकं ठेवून होता. तपासणाऱ्याने तेवढाच प्रश्न विचारला. तेव्हा आधी कुत्रं हाकला.

डक्टच्या वर हातभर अंतर सोडून धोक्याची पट्टी अंथरायची असते. पुढच्या खणणाऱ्याला आधी पट्टी दिसावी आणि तो थांबावा, अशी तिच्यामागची भाबडी कल्पना. तुम्ही ती सरळ डक्टवरच टाका, म्हणजे जेसीबीच्या एकाच घासात दोन्ही येतात. डक्टची टोकं बुचं लावून बंद करा असं कोणी म्हणालं तर हसा. पावसाळ्यात चिखल आत जातो, मग हवेच्या दाबाने केबल डक्टमधून फुंकताना ती मध्येच अडते, आणि अडलेली केबल सोडवण्याचं काम जादा बाबीत लिहिता येतं.

नवी मुंबईत बदली झाली तर थोडं भूगर्भशास्त्र लागेल. खडक लागला की खोली कमी चालते, वरून काँक्रीटचं किंवा लोखंडी पाइपाचं संरक्षण द्यायचं असतं, आणि दर चढा मिळतो. त्यामुळे कागदावर जिथे-तिथे खडक लागतो. इकडे ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी लागला तर समजू शकतो, पण खाडीत भर टाकून वसवलेल्या वाशीतही काळा पाषाण निघाल्याच्या नोंदी करायला धाडस लागतं. ते अंगी बाणवा.

आता ओटीडीआर. फायबरच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडून, परत येणाऱ्या उजेडावरून कुठे किती तूट झाली ते दाखवणारं हे यंत्र आहे. तपासणी दोन्ही टोकांकडून करायची आणि १३१० व १५५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींवर करायची, हा नियम. केबल कुठे नको इतकी मुडपली असेल तर १३१०ला ते फारसं दिसत नाही, १५५०ला चव्हाट्यावर येतं. सुज्ञांना जास्त सांगणे न लगे. १५५०ची वेळ आली की यंत्राची बॅटरी उतरते.

एकाच बाजूने मोजण्याचे आणखी फायदे आहेत. जोडाच्या दोन बाजूंचे फायबर किंचित वेगळे असले, गाभ्यात पसरणाऱ्या प्रकाशाचा व्यास जुळत नसला, की यंत्राला भास होतो आणि जोडावर तुटीऐवजी चक्क वाढ दिसते. तोच जोड उलट्या बाजूने पाहिला तर तूट फुगलेली दिसते, म्हणून दोन्हींची सरासरी काढायची असते. तुम्ही सरासरीच्या फंदात पडू नका. वाढ दिसणारी बाजू निवडा. टाकल्यापेक्षा जास्त परत देणारी वस्तू ठाणे जिल्ह्यात जमिनीखेरीज हीच.

९६ फायबरच्या केबलला एकाच बाजूने, एकाच तरंगलांबीवर मोजलं तरी ९६ आलेख लागतात. बारा काढा, बाकीच्यांची फक्त नावं बदला. मूळ फाइलीच्या पोटात तपासणीची वेळ नोंदलेली असते, पण ती फाइल उघडतं कोण? वाचला जातो तो एक्सेलचा तक्ता. तुटीची मर्यादा जोडामागे ०.१ डीबी (डेसिबल) असेल तर ०.०३, ०.०५, ०.०४ अशी पेरणी करा. मध्येच एखादा ०.०९ टाका. त्याने अहवालाला सच्चेपणा येतो.

या सगळ्यात अडचणीचा माणूस एकच, फायबर जोडणारा स्प्लायसर. १२५ मायक्रॉनचा काचेचा धागा, त्यात जेमतेम ९ मायक्रॉनचा गाभा, आणि हा मुलगा मेट्रोच्या खांबाखाली धुळीत छत्री लावून उकिडवा बसलेला, टोकाला टोक भिडवत. जोड मनासारखा आला नाही तर तोडून पुन्हा करतो, कोणी सांगितलेलं नसताना. खरं सांगायचं तर अशा प्रकल्पात गुणवत्ता म्हणून जी काही शिल्लक असते ती याच्या बोटांत असते, आणि याला पैसे जोडामागे मिळतात. अशा माणसाने काम बिघडवू नये म्हणून त्याला सतत घाई करा. ‘आज रात्रीत तीन क्लोजर (जोड ठेवायचे डबे) बंद झालेच पाहिजेत’ असं दर अर्ध्या तासाने म्हणा. पुसायला स्पिरिट आणि बिनधाग्याचा कागद मागितला तर बनियन दाखवा.

महापे-ऐरोलीकडे डेटा सेंटरवाले ग्राहक भेटतील. ते आपला ओटीडीआर आणतात, कनेक्टरचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या दिवशी आजारी पडा. त्यांची आणखी एक खोड म्हणजे त्यांना दोन मार्ग हवे असतात, एक तुटला तर दुसरा चालावा म्हणून. देऊ ना! नकाशावर एक मार्ग निळा काढा, दुसरा लाल, मध्ये चांगलं अर्धा किलोमीटर अंतर ठेवा. जमिनीत दोन्ही एकाच चरात टाका. खोदाईचा खर्च वाचतो आणि निळ्याला लालची सोबत होते.

नकाशाचं मनावर घेऊ नका. ॲज-बिल्ट म्हणजे जसं बांधलं तसं, असा समज आहे. आपल्याकडे जसं ठरलं होतं तसं. प्रत्यक्षात झाड आडवं आलं, टपरीवाला भांडला, कुठे कोणी आपल्या दारातून नको म्हणालं, की केबल रस्ता ओलांडून पलीकडे जाते. नकाशात ती अलीकडेच राहते. २०२३च्या मार्चपासून खणण्याआधी विचारपूस करायचं सरकारी ॲपही आहे, ‘कॉल बिफोर यू डिग’. समजा, एखाद्या सज्जन ठेकेदाराने खरोखर ते वापरलं. तुमच्या माणसांनी नकाशा पाहून कळवलं की आमची केबल अलीकडच्या कडेला, पलीकडे मोकळं आहे. तो निर्धास्तपणे पलीकडे खणतो. नियम पाळणाऱ्याच्याच जेसीबीच्या बादलीत केबल येते.

मग रात्री फोन वाजतो. ‘मुख्य लाइन गेली, राखीववर टाका.’ तुम्ही शांत राहा. राखीवही त्याच बादलीत आहे हे पहिल्याच फोनवर सांगायची गरज नाही. आधी वीज गेल्याची चौकशी करा, मग समोरच्याचं राउटर बंद-चालू करायला लावा. तोवर तुमच्याच ठेकेदाराची दुरुस्तीची गाडी निघालेली असते. काम तातडीचं म्हणून दर दीडपट, आणि तातडीच्या कामाला क्वालिटीची सही लागत नाही.